चुलीतली चंद्री

चंद्री गेली ती बापूकाकांच्या स्वयंपाकघरात. गेल्या श्रावणात, पावसाने जरा उघडीप दिली होती त्या दिवशी. काकूंनी भिंतीपलीकडून हाक मारली, मी धावत गेले, तर ती वैलाशेजारी अंग पसरून पडलेली. संध्याकाळी लेकीला पुण्याला फोन करून सांगितलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, तिला कुठे पुरलं? आपल्या वाडीत की त्यांच्या?"

"त्यांच्या," म्हटलं. फोनवर तेवढंच सांगता आलं. पण आपलं आणि त्यांचं असं घर कसं झालं आणि या मांजरीचा त्यात काय भाग होता, हे तिला कुणी कधी नीट सांगितलेलंच नाही. ते आता लिहून ठेवते आहे.

आमचं घर दिवेआगरचं. माझ्या सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. बापूकाका त्यांचे धाकटे भाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा दोघांचं एकच घर होतं, एकच वाडी. १९९७ साली गावात सुवर्णगणेश सापडला, मग पर्यटक यायला लागले, समुद्राकडच्या जमिनींना भाव आला. बापूकाकांना त्या अंगाचा तुकडा विकायचा होता, नानांना मुळीच विकायचा नव्हता. त्यातून वाटण्या झाल्या. ओटी आणि देवघर आमच्याकडे आलं, जुनं स्वयंपाकघर त्यांच्याकडे गेलं. मधे चिऱ्याची भिंत उभी राहिली. ती तुळयांपर्यंतच नेली, कारण वरचं छप्पर तोडणं कुणालाच परवडणारं नव्हतं. आढं एकच राहिलं. वाडीत बांध पडला, आणि दोघे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबले. सकाळी शिंपण्याच्या वेळी बांधाच्या दोन बाजूंना दोघे उभे असत, हातात फावडं, पाटातून पाणी वळवत. पाणी एकाच विहिरीचं. बोलणं नाही.

चंद्री कुठून आली ठाऊक नाही. बहुधा कोळीवाड्याकडून. एका पावसाळ्यात ओटीच्या पायरीखाली ओरडत बसलेली सापडली. पांढरी, पाठीवर काळा डाग, शेपटीकडे तांबूस. आम्ही तिला ठकी म्हणायचो, पलीकडे चंद्री. दोन्ही हाकांना ती ओ द्यायची. पुढे आमच्याही तोंडी चंद्रीच बसलं. नानांनी मात्र तिला कधीच नावाने हाक मारली नाही. जिभेने एक बारीक आवाज काढत, की ही असेल तिथून येई.

सकाळी नाना वाडीत निघाले की चंद्री त्यांच्या पुढे. पाटाच्या काठाकाठाने चालायची, पाणी वळलं की उडी मारून पलीकडे. ज्यांनी आमच्याकडची जुनी वाडी पाहिली आहे त्यांना सांगायला नको, पण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी लिहिते. वर माडांच्या झावळ्या, त्याखाली सुपारीची सरळ उंच झाडं, सुपारीवर चढलेले मिरीचे वेल, खाली केळी आणि एखादं जायफळ. भर वैशाखात दुपारी बाराला तिथे सावली आणि ओल असायची. मधूनच वरून सुटलेली पोय सरसरत खाली येऊन आपटायची. त्या आवाजाने चंद्री दर वेळी दचकायची आणि दर वेळी जाऊन ती पोय हुंगून यायची. माडाच्या शेंड्यात उंदीर राहतात, कोवळे नारळ पोखरतात. त्यामुळे वाडीत मांजर असलेलं सगळ्यांनाच बरं वाटतं. पण नानांना तिची सोबत हवी असायची. ते वाडीत एकटे असताना तिच्याशी बोलायचे हे मी कितीदा ऐकलं आहे. घरात ते इतकं बोलत नसत.

तिची खोड एकच. रात्री ती चुलीत झोपायची.

आमच्याकडे गॅस होता, चूल नव्हती. जुनं स्वयंपाकघर पलीकडे गेलं तशी चूलही गेली. काकूंकडे गॅस होताच, पण संध्याकाळचा भात आणि भाकरी त्या चुलीवरच करायच्या. वाडीतली सोडणं, झावळ्या, पोयी जाळायला असतातच. रात्री निखारे विझले, राख कोमट झाली, की चंद्री आमच्या माळ्यावरून तुळईवर, तुळईवरून भिंतीपलीकडे उतरायची आणि सरळ चुलीत जाऊन मुटकुळं करायची. काकूंना ते मुळीच आवडत नसे. चुलीत मांजर निजलं म्हणजे त्या घरात अन्न शिजत नाही, असं आपल्याकडे मानतात. काकू रात्री राख काढून टाकायच्या, तरी मातीला धग असायचीच. पहाटे चंद्री परत त्याच वाटेने आमच्याकडे. पाय करडे, पाठीवरचा काळा डाग धुरकट. ओटीवर नानांच्या आरामखुर्चीशेजारी बसून अंग चाटत राहायची.

नाना ती राख बघायचे. हे माझ्या लक्षात यायला वर्षं गेली. चहाचा कप हातात घेऊन ते आधी मांजरीकडे बघायचे आणि मगच पहिला घोट घ्यायचे. त्यांना ऐकू कमी येई, त्यामुळे पलीकडची भांडी, बोलणं, खोकला यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचत नसे. मांजरीच्या पायाला राख आहे म्हणजे काल पलीकडे चूल पेटली, भावाच्या घरात सगळं ठीक आहे. पलीकडच्या घरातली एवढी एकच बातमी त्यांना रोज मिळत होती, आणि ती कुणाला न विचारता मिळत होती.

एकदा काकू लेकीच्या बाळंतपणासाठी पेणला गेल्या होत्या. त्या दिवसांत चंद्री एका सकाळी स्वच्छ पायांनी बसलेली. नानांनी चहा तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशीही पाय स्वच्छ. मी शाळेत जायला निघाले होते, पर्स खांद्यावर होती. नाना म्हणाले, "सूनबाई, पलीकडे जरा विरजण मिळतंय का बघ." घरात विरजण होतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता गेले. बापूकाका तापाने फणफणलेले, पाण्याचा तांब्यासुद्धा रिकामा. डॉक्टरांना बोलावलं, काकूंना निरोप धाडला, दोन वेळची पेज आमच्याकडून जायला लागली. नाना स्वतः पलीकडे गेले नाहीत. रोज मला विचारायचे, "विरजण मिळालं का?" आणि मी सांगायची, "ताप उतरतोय."

मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं की हे बरोबर नाही. पाठच्या भावाची खुशाली मांजरीच्या अंगावर वाचत बसायची नसते, चार पावलं चालून जायचं असतं. सुनेने सासऱ्यांना असं बोलावं की नाही हा वाद मला आजही मान्य नाही. ते रागावले नाहीत. म्हणाले, "त्याला भिंत हवी होती." भिंत दोघांनाही हवी होती. माझं मत तेव्हा होतं तेच आज आहे.

मग निसर्ग वादळ आलं. ३ जून २०२०. टाळेबंदीमुळे माझा नवरा पनवेलला अडकलेला. घरात नाना, सासूबाई, मी आणि लेक. वादळ अलिबागला धडकेल असं आदल्या दिवशी सगळे म्हणत होते, पण ते श्रीवर्धन-दिवेआगरच्याच किनाऱ्यावर आलं. दुपारी वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला होता, हे नंतर वाचलं. त्या वेळी आम्हाला फक्त कौलं उडताना दिसत होती. आधी एकेक, मग पाखीच्या पाखी. चंद्रीला नुकतीच पिल्लं झाली होती, आमच्या माळ्यावर, जुन्या पाटीत. माळ्यावर आभाळ दिसायला लागलं तशी ती एका पिल्लाला मानेला धरून तुळईवर आली आणि भिंतीपलीकडे गेली. परत आली, दुसरं नेलं. सगळं घर थरथरत होतं, पाणी आत येत होतं, आणि ती त्या ओल्या तुळईवरून तिसऱ्यांदा आली.

नाना खाली उभं राहून बघत होते. तिसरं पिल्लू घेऊन ती पलीकडे उतरली तेव्हा ते म्हणाले, "जुनं स्वयंपाकघर बसकं आहे, भिंती जाड आहेत. तिकडे चला."

भिंतीत दार नव्हतं. मागच्या अंगणातून, वाऱ्यात, सासूबाईंना दोन्ही बाजूंनी धरून आम्ही गेलो. अंतर दहा-बारा पावलांचं, पण एक माड आमच्या डोळ्यांदेखत विहिरीवर आडवा झाला. बापूकाकांनी दार उघडलं, तेव्हा ते लावायला आम्हा तिघांचा जोर लागला. वाटण्या झाल्यापासून नाना त्या उंबऱ्यात पहिल्यांदा उभे होते. बापूकाका एवढंच म्हणाले, "नाना, उंबरा उंच आहे, सांभाळ." ज्या घरात नाना जन्मले त्याच घराचा उंबरा. नाना काही बोलले नाहीत. पाय उचलून आत आले.

संध्याकाळपर्यंत सहा माणसं त्या खोलीत बसून होती. चंद्री पिल्लांसकट वैलामागे. काकूंनी चुलीवर चहा टाकला तेव्हा ती हलली नाही, आणि त्यांनीही तिला हाकललं नाही.

दुसऱ्या दिवशी बाहेर पडलो तर वाडी नव्हती. सुपारीची मुळं उथळ असतात. अख्ख्या रांगा जमीनदोस्त झाल्या होत्या, अर्ध्यातून मोडल्या होत्या. जिथे कधी ऊन पोचलं नव्हतं तिथे लख्ख ऊन पडलं होतं. रोठा सुपारी ही आमच्या भागाची ओळख, श्रीवर्धनपासून इथवर सगळे बागाईतदार त्या एका दिवसात उघडे पडले. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा प्रश्न पडला की बांधावर एकमेकांत गुंतून पडलेली झाडं कुणाच्या नावावर मोजायची. तिथे दोघे भाऊ बोलायला लागले. "हे तुझं." "नाही, ते माझ्या ओळीतलं नव्हे, आण्णांनी लावलेलं तुझ्या बाजूचं." बांध पडण्याच्या आधीपासूनचं एकेक झाड दोघांना ठाऊक होतं. कोणतं वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, लावलं, कोणत्यावरून बापूकाका लहानपणी पडले होते. पंचनामेवाले थांबून राहिले, मी त्यांना सरबत दिलं. मला त्या दोघांना थांबवायचं नव्हतं.

वीज यायला कितीतरी आठवडे लागले. तोवर एकच चूल, एकच पंगत. वीज आली, कौलं चढली, तसे आम्ही भिंतीच्या या बाजूला परत आलो. भिंत आजही आहे. दोघांची गळाभेट वगैरे झाली नाही, तसं कुणी समजू नये. सुपारीची रोपं, खत, पाण्याची पाळी एवढ्यापुरतं बोलत. मला तेही पुष्कळ वाटायचं.

नाना २०२२ च्या थंडीत गेले. दिवस झाल्यावर बापूकाकांनी मला विचारलं, "मला ताप आला होता तेव्हा नानाला कसं कळलं?" मी राखेचं सांगितलं. ते उठून आत गेले. त्यानंतर काकूंनी रात्री राख काढणं सोडलं. बापूकाकांनीच तसं सांगितलं असणार. चंद्री शेवटपर्यंत राखेत झोपली आणि सकाळी आमच्या ओटीवर येत राहिली.

तिला बापूकाकांनी स्वतः पुरलं, गुडघे दुखत असताना. वादळानंतर लावलेल्या सुपारीच्या पहिल्या ओळीत, त्यांच्या हद्दीत. त्या झाडांना आता कुठे फळ धरेल. सुपारी पाच-सहा वर्षं घेतेच.

वादळातल्या त्या तीन पिल्लांपैकी एक अजून घरात आहे. ती भिंत ओलांडते, दोन्हीकडे खाते, पण चुलीत झोपत नाही. म्हणून शाळेला निघण्याआधी मी रोज मागच्या अंगणातून जाऊन बापूकाकांना बघून येते.