स्वतःचाच कोरस

कोरसमध्ये उभं राहिलं की पहिली शिकवण मिळते ती आपला आवाज न दाखवण्याची. कंप नको, हरकत नको. ओळीचा शेवट शेजारणीबरोबरच सोडायचा. ‘स’वर संपणारा शब्द आला तर तो ‘स’ एकीनंच म्हणायचा, बाकीच्यांनी आधीच्या स्वरावर थांबायचं. नाहीतर सगळ्यांचे ‘स’ मागंपुढं पडतात आणि रेकॉर्डिस्ट काचेआडून हात वर करतो. या कामात वर्षं घालवली की कानाला एक खोड लागते. नवा अल्बम लावला तरी मुख्य गायकाकडं लक्ष जातच नाही, त्याच्या मागं कोण गातंय ते ऐकू येतं.

डी’अँजेलोच्या ‘ब्राऊन शुगर’मध्ये मागंही तोच गातो.

हा त्याचा पहिला अल्बम, जुलै 1995 मधला. तेव्हा तो 21 वर्षांचा होता. व्हर्जिनियातल्या रिचमंडचा मुलगा, वडील पेंटेकोस्टल पंथाचे धर्मोपदेशक, लहानपणापासून चर्चमध्ये पियानो वाजवायची सवय. बरीचशी गाणी त्यानं घरी, आपल्या खोलीत, कीबोर्डवर आणि साध्या रेकॉर्डरवर रचली. मग न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बॉब पॉवर या ध्वनितंत्रज्ञाच्या साथीनं ती नीट बांधली गेली. त्याचा मॅनेजर केदार मॅसेनबर्ग (नाव वाचून पुण्याचा वाटतो, पण अस्सल अमेरिकन) या प्रकारच्या संगीताला ‘निओ सोल’ म्हणू लागला. दुकानात अल्बम कोणत्या फळीवर लावायचा, एवढाच त्या नावाचा उपयोग.

आम्हा कोरसवाल्यांना रस आहे तो त्याच्या थरांमध्ये. एकाच माणसानं स्वतःच्या मागं गायचं म्हणजे काय, हे बाहेरून सोपं वाटतं. वाटतं, एक टेक चांगला झाला की तोच दोनदा लावायचा. तसं केलं तर आवाज फक्त मोठा होतो, जाड होत नाही. जाडी येते ती तीच ओळ पुन्हा गाताना केसभर पुढंमागं झाल्यानं, सूर रेसभर वरखाली लागल्यानं. म्हणजे हुबेहूब तसंच गायचं, आणि तरी हुबेहूब होऊ द्यायचं नाही. मग तिसऱ्या सुरावरची हार्मनी, तिचंही डबल, एक डावीकडं, एक उजवीकडं, खाली एक जाड खर्जाचा थर, वर पातळ फॉल्सेटो. मार्व्हिन गेच्या 1971 च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’मध्ये दोन मुख्य टेक चुकून एकदम वाजवले गेले, ते त्याला आवडले आणि पुढं ती त्याची रीतच झाली. प्रिन्सनं तर 1978 मध्ये पहिल्याच अल्बमची सुरुवात वाद्यांशिवाय, फक्त स्वतःच्या आवाजांच्या थप्पीनं केली. डी’अँजेलो याच घराण्यातला.

त्याच्यावर सगळ्यांचा एक आक्षेप असतो: शब्द कळत नाहीत. भावगीताच्या शिस्तीत वाढलेल्या आमच्यासारख्यांना तर पहिल्या ऐकण्यात राग येतो. आमच्या गाण्याच्या बाईंनी ‘तोंड उघडून म्हण’ म्हणून त्याला बाहेर बसवलं असतं. पण कोरसच्या कानानं ऐकलं की मला हा गबाळेपणा वाटत नाही. व्यंजनं ठसठशीत म्हटली असती तर पाच-सहा थरांचे ‘त’ आणि ‘क’ एकमेकांवर आपटले असते. तो व्यंजनं गिळतो, म्हणून स्वर एकमेकांत विरघळतात. आम्ही एका ‘स’साठी जे करतो, ते त्यानं अख्ख्या भाषेला केलंय. आणि मुख्य आवाजही तसाच मऊ ठेवलाय, त्यामुळं पुढचा कोण आणि मागचा कोण हे कळेनासं होतं.

अल्बममधल्या एका गाण्याचं नाव इथं छापता यायचं नाही, कारण ते नुसत्या शिव्यांचंच आहे. बायको आणि जिवलग मित्र एकत्र सापडतात, रक्त सांडतं, शेवटी हातकड्या. हे सगळं तो झोपाळल्या आवाजात सांगतो, आणि मागचे त्याचेच आवाज त्या शिव्या अंगाईच्या लाडानं म्हणत राहतात. दुसरं कुणी मागं असतं तर ते साक्षीदार वाटले असते. इथं सगळं एकाच डोक्यात चाललंय.

शब्द मात्र त्या मानानं बेताचे. ‘ब्राऊन शुगर’ या शीर्षकगीतात प्रेयसीच्या मिषानं गांजाचं वर्णन आहे, ती खोडी छान. बाकी बरीच गाणी नेहमीचीच आर्जवं करतात. स्मोकी रॉबिन्सनचं 1979 चं ‘क्रूझिन’ त्यानं इथं घेतलंय. ते लागलं की नेटकी ओळ कशी असते ते कळतं, आणि त्याच्या स्वतःच्या ओळी थोड्या उघड्या पडतात. शेवटचं ‘हायर’ चर्चच्या वळणाचं. चर्चमध्ये जिथं गाव गातं, तिथं हा एकटाच सगळं गाव होऊन गातो. मला ते जरा जास्तच नीटनेटकं वाटतं. गावात एखादा तरी बेसूर हवा.

सप्टेंबर 1995 मध्ये लंडनच्या जॅझ कॅफेत त्यानं हीच गाणी गायली, त्याचं ध्वनिमुद्रण आहे. मंचावर एका माणसाला पाच गळे नसतात, त्यामुळं कोरस बोलवावाच लागला. त्यात अँजी स्टोन होती, जी पुढं स्वतः मोठी गायिका झाली. तिथं व्यंजनं आपटतात, श्वास वेगवेगळ्या जागी घेतले जातात, त्यानं ओळ सोडली की मागच्या बायका ती उचलून पुढं नेतात. अल्बमवरची साय तिथं उरत नाही. माझ्या धंद्याचा पक्षपात असेल, पण मी तेच जास्त वेळा लावते.