हा १११ कोणाचा?

आमच्या डायनिंग टेबलावर गोळ्यांचा एक डबा असतो. निळ्या झाकणाचा, सात वारांचे सात कप्पे असलेला. तो बाबांचा. शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, पायांची आग, सगळ्याच्या गोळ्या त्यात. पाहुणे आले तरी तो डबा कुणी आत नेऊन ठेवत नाही. उलट पाहुणेच विचारतात, "भाऊ, तुमची मेटफॉर्मिन पाचशेची का हजारची?" मग चहा निवेपर्यंत शुगरच्या गप्पा रंगतात.

माझ्या गोळ्या लॅपटॉपच्या बॅगेत असायच्या. माउस ठेवतात त्या कप्प्यात, चष्म्याच्या जुन्या केसमध्ये.

मी २८ वर्षांचा. इंजिनिअरिंगनंतर चार-पाच वर्षं पुण्यात कोड लिहिला आणि मागच्या वर्षी नागपूरला परत आलो, मिहानमधल्या एका कंपनीत. "आईबाबांजवळ राहायचंय," असं सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. पुण्यातल्या शेवटच्या काही महिन्यांत मी रोज पहाटे तीनला जागा व्हायचो, मग झोप यायचीच नाही. जेवणाची चव गेली होती. कोड रिव्ह्यूमधली साधी कमेंट वाचून डोळे भरून यायचे. परत आल्यावर धंतोलीत एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तासभर ऐकून घेतलं, डिप्रेशन आहे म्हणाले आणि दोन गोळ्या लिहून दिल्या. सकाळी एस्सिटालोप्राम, रात्री मिर्टाझापिन.

घरी सांगितलं नाही. का, ते नागपूरच्या माणसाला समजवावं लागणार नाही. छिंदवाडा रोडवर प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि त्याच्यापाशी असलेल्या चौकाला आपण सगळे पागलखाना चौक म्हणतो. ऑटोवाल्यालाही तेच सांगतो. शाळेत कुणी जरा वेगळं वागलं की "याला पागलखान्यात टाका बे" म्हणणाऱ्यांत मीही होतो. आता स्वतःच्या बॅगेत ती पट्टी घेऊन हिंडत होतो.

गोळ्यांनी काम केलं, हे आधी सांगून टाकतो. झोप आली. तीन-चार आठवड्यांनी सकाळी उठून ऑफिसला जाणं हे डोंगर चढण्यासारखं वाटेनासं झालं. भूकही परत आली, पण ती जरा जास्तच आली. रात्री साडेअकराला फ्रिज उघडून गार सांबारवडी खायची. शनिवारी तर्री-पोह्याच्या दोन प्लेटा, वर रस्सा मागून. आई खूश. "आता कसं बाबू, अंगाला लागून राहिलं तुझ्या." सहा महिन्यांत मी ६८ किलोंवरून ७७ वर गेलो.

मार्चमध्ये ऑफिसच्या वार्षिक तपासणीचा पीडीएफ आला. उपाशीपोटी साखर ११२. एचबीएवनसी ६.१.

ज्यांच्या घरी शुगर नाही त्यांच्यासाठी सांगतो. रक्तातली साखर लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते. या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून एचबीएवनसी हा आकडा मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी सांगतो. ५.७ च्या खाली नॉर्मल, ६.५ पासून पुढे मधुमेह आणि मधला पट्टा म्हणजे प्रीडायबेटिस. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक या मधल्या पट्ट्यात आहेत. बाबा पहिल्या आकड्यात होतेच. मी दुसऱ्यात दाखल झालो होतो.

त्या रात्री दोन वाजेपर्यंत मी मोबाईलवर वाचत बसलो. मिर्टाझापिनने भूक आणि वजन वाढतं, वजनाने साखर वाढते. झालं, बग सापडला. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही गोळ्या बंद केल्या. एकदम. डॉक्टरांना फोन नाही, मेसेज नाही. प्रॉडक्शनमध्ये असं कुणी केलं असतं तर मीच त्याला झापलं असतं.

चौथ्या दिवशी मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायला लागलं. चक्कर, चिडचिड, भलती स्वप्नं. अँटीडिप्रेसंट अचानक सोडल्यावर असं होऊ शकतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, शरीर साफ होऊन राहिलं.

साखर उतरतेय का ते पाहायला मी रोज पहाटे पावणेसहाला, घर उठायच्या आत, बाबांच्या ग्लुकोमीटरवर बोट टोचायचो. १०९. ११४. १०८. ११३. आकडा हलायला तयार नव्हता. हलणार कसा? झोप पुन्हा उडाली होती, चालणं शून्य, आणि आता रात्रीचं खाणं भुकेने नव्हतं, तर बेचैनीने होतं.

सोळाव्या दिवशी मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये बाईक लावली आणि चाळीस मिनिटं तिच्यावरच बसून राहिलो. हेल्मेट काढता येईना. म्हणजे हात चालत होते, पण काढावं असं वाटेना. सिक्युरिटीचे काका दोनदा येऊन विचारून गेले. मी घरी परतलो, ताप आहे असं सांगून पडून राहिलो. रात्री डोक्यात जे विचार आले त्यांची मला भीती वाटली, म्हणून १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लावला. ही सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट आहे, २४ तास चालते. पलीकडची ताई माझ्याशी मराठीत बोलली. सगळं ऐकून तिने विचारलं, "गोळ्या बंद करताना डॉक्टरांना विचारलं होतं का?" मी गप्प. "उद्या सकाळी पहिला फोन त्यांना करायचा. आणि घरात कुणी एक जण उठवता येईल का आत्ता?"

मी कुणाला उठवलं नाही. पण सकाळी बाबांनीच मला गाठलं.

त्यांना त्या दिवशी शुगरच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. बाबा वीज मंडळातून रिटायर झाले, रीडिंग हा त्यांचा जुना विषय. जाण्याआधी ते मीटरच्या मेमरीतले आकडे डायरीशी ताडून पाहतात. मीटर लक्षात ठेवतं, हे मी इंजिनिअर असून विसरलो होतो.

"हा १११ कोणाचा?" त्यांनी मीटर माझ्यापुढे धरलं. "मी तर आठ दिवसांत १४० च्या खाली गेलो नाही. आणि पन्नासची डबी, वीस पट्ट्याच कशा उरल्या?"

मी सांगितलं. साखरेपासून सुरुवात केली, कारण ते सोपं होतं. मग वजन, मग गोळी, मग गोळी कशासाठी ते. पार्किंगपर्यंत आलो तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात पिठाचे.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दाखव बरं कोणत्या गोळ्या." मी चष्म्याची केस आणली. त्यांनी नावं वाचली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, उठून त्यांच्या डब्यातली एक पट्टी आणली. "ही पायाच्या आगीची. तीन वर्षांपासून खाऊन राहिलो. हिच्यानं काही होते का शुगरले ते पाय तुझ्या मोबाईलवर."

पट्टीवर लिहिलं होतं: ड्युलोक्सेटिन.

मला शोधावं लागलं नाही. त्या दोन वाजताच्या वाचनात ते नाव येऊन गेलं होतं. मधुमेहाने नसा खराब होऊन पायांची जी आग होते, त्यावर ड्युलोक्सेटिन देतात. डिप्रेशनवरही देतात. तीच गोळी.

"बाबा, ही डिप्रेशनचीपण गोळी आहे."

त्यांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. "म्हणजे मी तीन वर्षांपासून तुझ्याच लायनीत उभा आहे?" आई हसली आणि लगेच रडायला लागली.

दुपारी आम्ही दोघंही दोन्ही डॉक्टरांकडे गेलो. आधी त्यांच्या, मग माझ्या. माझ्या डॉक्टरांनी रागावण्याऐवजी कागद पुढे ओढला. अँटीडिप्रेसंट म्हणजे एकच गोष्ट नव्हे, ते म्हणाले. मिर्टाझापिन किंवा जुनी अमिट्रिप्टिलिन शरीरातल्या हिस्टामिनचं काम अडवतात, त्याने झोप येते आणि भूक वाढते. ड्युलोक्सेटिनने मधुमेह असलेल्यांची उपाशीपोटीची साखर किंचित वर जाऊ शकते. फ्लुओक्सेटिनचं उलटं. ती चालू असताना साखर उतरू शकते आणि बंद केल्यावर चढू शकते. म्हणून ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने अशी गोळी सुरू करताना आणि थांबवताना, दोन्ही वेळा साखर मोजायची असते, कधी शुगरच्या औषधाचा डोसही बदलावा लागतो. साखर फार उतरली की घाम, थरथर, धडधड होते. पॅनिक अटॅक समजून माणूस बसून राहतो. "आणि हे सगळं कुणी लक्षात घ्यायचं?" ते म्हणाले. "दोन्ही डॉक्टरांना दोन्ही पट्ट्या दिसल्या तरच ना."

मग मी माझा खरा प्रश्न विचारला. गोळीने साखर वाढवली का?

थोडी वाढवली असेल, ते म्हणाले. पण डिप्रेशननेही वाढते. झोप नाही, हालचाल नाही, ताणाचं कॉर्टिसोल चढलेलं. १७ व्या शतकात थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरने मधुमेहाचा संबंध दीर्घ दुःखाशी जोडला होता. २००८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा डिप्रेशन असलेल्यांत पुढे टाइप-२ मधुमेह होण्याची जोखीम साधारण ६० टक्क्यांनी जास्त दिसली आणि मधुमेह असलेल्यांत डिप्रेशनची साधारण १५ टक्क्यांनी. रस्ता दुतर्फा आहे. त्यात माझे वडील मधुमेही. म्हणजे संशयित चार, आणि मी एकालाच पकडून बाकीच्यांना सोडून दिलं होतं.

एस्सिटालोप्राम पुन्हा सुरू झाली, कमी डोसपासून. मिर्टाझापिन पुन्हा दिली नाही, झोपेसाठी वेगळा मार्ग ठरवला. पहाटे बाबांसोबत अंबाझरीला चालायला जायचं, कारण नागपूरच्या मे महिन्यात सातनंतर बाहेर पडायची सोय नसते. रात्री नऊनंतर आई फ्रिजकडे पाहूही देत नाही. बाबांची ड्युलोक्सेटिन चालूच आहे, फक्त ती आता दोघांच्याही डॉक्टरांना माहीत आहे.

जुलैमध्ये माझं एचबीएवनसी ५.८ आलं. वजन ७३. यातलं गोळी बदलल्याने किती, चालण्याने किती आणि झोपेने किती, हे मला सांगता येणार नाही. कोड असता तर एकेक बदल करून पाहिला असता. इथे तेवढा वेळ नव्हता.

चष्म्याची केस मी टाकून दिली. गोळ्या टेबलावर असतात, बाबांच्या निळ्या डब्याशेजारी. मावशी आल्या तेव्हा त्यांनी विचारलंच, "ही कोणाची?" आई म्हणाली, "बाबूची. झोप आणि मन ठीक राहायची." क्षणभर शांतता झाली. मग मावशींनी विचारलं, "कोणत्या डॉक्टरची व्हय?" आणि पत्ता लिहून घेतला. कोणासाठी, ते आम्ही विचारलं नाही.

बाबांच्या डायरीत आता दोन कॉलम आहेत. दर रविवारी ते माझं बोट टोचतात, आकडा लिहितात आणि पेन बंद न करता विचारतात, "अन् झोप?"

तेही लिहून ठेवतात.