लाडाचं करडू

आयुष्यभर मी उंटावरून शेळ्या हाकल्या. म्हणजे नोकरी सरकारी होती. निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा म्हटलं, आता उंटावरून उतरावं आणि एक तरी शेळी स्वतः हाकून बघावी. गाव मराठवाड्यातलं, म्हणून शेळी उस्मानाबादी आणली. जिल्ह्याचं नाव २०२३ साली धाराशिव झालं, पण शेळीला कोणी कळवलेलं दिसत नाही. ती अजून उस्मानाबादीच आहे. काळीभोर, लोंबत्या कानांची. आणि माझ्याकडे अशी बघायची, की जणू तिच्या पेन्शनची फाइल माझ्याच टेबलावर अडकलीय.

ह्या जातीला जुळी होणं नवलाचं नाही. आमचीलाही दोन करडं झाली. शेजारच्या आक्का वेळेवर धावून आल्या. त्यांनी नाळेला टिंक्चर आयोडीन लावलं, सडातली पहिली धार जमिनीवर सोडली आणि करडांची तोंडं कासेला लावली. इकडे आमच्या सौभाग्यवती पातेलं घेऊन हजर! डोळ्यांत खरवस.

"ठिवा ते भांडं," आक्का कडाडल्या. "अर्ध्या तासात चीक पोटात गेला पायजे. खरवस खायचा आसंल तर म्हैस बघा!"

ह्यातलं शास्त्र मला पुढे गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. करडू पोटात असताना त्याला आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळत नाही. ती मिळते चिकातून. आणि ती आत घेणारी आतड्याची खिडकी एका दिवसात बंद होते. 'उद्या या' म्हणायची सोय नाही. तीस वर्षं लोकांना 'उद्या या' म्हणत आलेल्या माणसाला हे ऐकून थोडी शरम वाटली.

दोन करडांत थोरलं दांडगं, धाकटं किरकोळ. थोरलं दोन्ही सडांवर हक्क सांगायचं आणि धाकट्याला ढुशी मारून बाजूला करायचं. मला धाकट्याची दया आली. आता खरं सांगायचं तर ती नुसती दया नव्हती. मुलगा-सून पुण्यात. नातू रोज संध्याकाळी मोबाइलवर दिसतो, पण पडद्यातून लाडू भरवता येत नाही. करडाला बाटली भरवता येते.

झालं! त्यानं 'बें' केलं की बाटली. दुपारी बाटली, झोपताना बाटली. महिना-दीड महिन्याचं झालं तेव्हा उरलेला भात आणि भाकरीचा कुस्कराही सुरू केला. मूठभर, मग दोन मुठी. ते माझ्यामागे घरभर फिरू लागलं. उभ्या नोकरीत माझ्यामागे एक शिपाई फिरला नव्हता.

एक दिवस सकाळी त्यानं बाटलीकडे तोंड फिरवलं. शेपटाखाली सगळं बरबटलेलं, डोळे खोल गेलेले, अंग गार. डॉक्टरांना बोलावलं.

"दूध किती देता?"

"मागेल तेवढं."

"मागतं कसं?"

"बें करतं."

"अहो, तो त्याचा स्वभाव आहे. भूक नव्हे!" त्यांनी करडू तोललं. "पाच किलो. वजनाचा दहावा हिस्सा दूध दिवसाला पुरे. म्हणजे अर्धा लिटर. तेही कोमट, तीन-चार वेळांत विभागून. आणि आई पाजत नाही वाटतं?"

"पाजते की!"

"म्हणजे दोन खानावळी! वर भात?"

मी गप्प. मग त्यांनी गोठ्याची ओल दाखवली, त्याच ओलीवर पडलेला चारा दाखवला. तिथून लेंड्यांतले कॉक्सिडिया नावाचे सूक्ष्म जंतू पोटात जातात, म्हणाले. लेंडी तपासली तर निघालेही. औषध दिलं. दूध थोडं थोडं आणि मधल्या वेळी मीठ-साखरेचं कोमट पाणी, असा हुकूम झाला.

दोन रात्री ते करडू पोत्यावर आणि मी त्याच्या शेजारी. त्याच्या बरगड्यांवर हात ठेवून श्वास मोजत होतो. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, अशी म्हण आहे. इथे करडू चाललं होतं जिवानिशी, आणि खाऊ घालणारा म्हणत होता, लाडाचं! सौ. काही बोलली नाही. चमच्यानं पाणी पाजत राहिली. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे अगदी बारीक 'बें' आला. माझा हात आपोआप बाटलीकडे गेला.

"खबरदार!" सौ. म्हणाली. मला हायसं वाटलं.

आता गोठा कोरडा असतो. जमिनीवर चुना भुरभुरतो. शेवरीचा पाला दोरीनं टांगलेला. शेळीच्या जातीला मान वर करून खायला आवडतं आणि पाल्याला लेंडीही लागत नाही. चारा बदलायचा तर आठवडाभर थोडा थोडा करून. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचून घेतो. ह्या रोगाची तऱ्हा अशी, की त्याचे जंतू आधीच आतड्यात बसलेले असतात आणि एकदम मेजवानी मिळाली की उठतात. उपाशी करडू सोडून नेमकं गुटगुटीत, लाडाचं करडू गाठतात.

सकाळी पेपर वाचण्याआधी मी लेंड्या वाचतो. सुट्या, काळ्या, टणक असल्या की क्षेमकुशल. पेपरात इतकी चांगली बातमी क्वचितच असते.

मे महिन्यात नातू आला. सौ. त्याच्या ताटात चौथा लाडू ठेवत होती. मी सहज विचारलं, "वजन किती गं ह्याचं?"

तिनं माझ्याकडे असं काही पाहिलं, की त्यापुढे आमची शेळी फारच प्रेमळ बघते म्हणायची.