खिचडीच्या खात्यावर पडलेली मळमळ



"मनाचं आहे सगळं, मन घट्ट कर." माझ्या धाकट्या जावेला हे वाक्य गेल्या चार महिन्यांत किती जणींनी ऐकवलं असेल! तिची केमोथेरपी चालू आहे. रिक्षा हॉस्पिटलच्या गल्लीत वळली की सुई टोचायच्या आधीच तिला मळमळायला लागतं. केमोला जाताना ती आवडीची मूगडाळीची खिचडी खाऊन जायची. आता तूप-जिऱ्याच्या फोडणीचा वास आला तरी उठून जाते.

मला काही हे मनाचे चोचले वाटेनात. नातीच्या मानसशास्त्राच्या पुस्तकात याला 'अभिजात अभिसंधान' असं भारदस्त नाव आहे. रशियाचे इव्हान पावलोव्ह कुत्र्यांच्या पचनाचा अभ्यास करत होते. त्या कामासाठी त्यांना १९०४ चं नोबेलही मिळालं. त्यांच्या लक्षात आलं की अन्न तोंडात पडायच्या आधीच, अन्न आणणाऱ्या माणसाच्या चाहुलीनेच कुत्र्यांना लाळ सुटते. मग त्यांनी अन्नाआधी मेट्रोनोमची टिकटिक ऐकवली. काही दिवसांनी नुसत्या टिकटिकीनेही लाळ सुटू लागली. (लाळ मोजण्यासाठी त्या मुक्या जीवांच्या गालाला छेद देऊन लाळेची नळी बाहेर काढत. हे वाचून जीव कळवळतो. नोबेल मिळालं म्हणून ते दुःख पुसलं जात नाही.)

मी कॉमर्सची, म्हणून मला हे खातेवहीसारखं दिसतं. शरीर आपल्याला न विचारता नोंद करतं. मळमळ आणली औषधाने, पण नोंद पडली खिचडीच्या खात्यावर! टिकटिकीचा संबंध जुळायला अनेक वेळा लागतात, चवीचं मात्र एकदाच पुरतं, आणि त्रास काही तासांनी झाला तरी नोंद होतेच. "औषधामुळे होतंय" हे पुरतं ठाऊक असलं तरी ती खोडली जात नाही. यात मन घट्ट करून काय होणार?

अमेरिकेत आयलीन बर्नस्टाइन या संशोधक बाईंनी १९७८ मध्ये कॅन्सरच्या लहान मुलांवर हेच दाखवून दिलं. केमोआधी ज्यांना एका नव्या चवीचं आइस्क्रीम दिलं होतं, त्यांच्यातली बरीच मुलं पुढे तेच आइस्क्रीम नको म्हणू लागली. मग १९८७ च्या अभ्यासात बाईंनी गंमतच केली. जेवण आणि केमो यांच्या मध्ये मुलांना अनोळखी चवीची गोळी दिली. दोष बराचसा त्या गोळीवर गेला आणि जेवणातले पदार्थ पुष्कळसे वाचले.

तेव्हा ज्यांच्या घरी असे उपचार चालू आहेत, त्यांनी केमोच्या दिवशी मुद्दाम आवडीचं काही करू नये. साधं, रोजचं नसलेलं काहीतरी द्यावं. गोळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारावं. आणि सुईआधीच मळमळ सुरू होते, हेही त्यांना न लाजता सांगावं. त्यावरही उपाय असतात.