सेंटिनलला नवा जांभळा

दुपारभर सेंटिनल घेऊन बसलोय. तळहाताएवढा, कारखान्यातूनच रंगून आलेला खेळण्यातला यंत्रमानव. अंगावरचा जांभळा प्लास्टिकच्या टमरेलासारखा चकचकीत.

स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६५ साली 'एक्स-मेन' या कॉमिकच्या १४व्या अंकात हे राक्षसी यंत्रमानव आणले. चार रंगांच्या शाईत छापलेल्या त्या स्वस्त कागदावर भडक जांभळा खपून जायचा, कारण काळ्या रेषा त्याला वजन द्यायच्या. या बाहुल्यावर त्या रेषाच नाहीत. म्हणजे उरलेलं काम आपलं.

जुना रंग खरवडायच्या भानगडीत पडलो नाही. कोमट साबणपाणी, जुना टूथब्रश. तेलकटपणा गेला की झालं. मऊ पीव्हीसीवर काही स्प्रे प्रायमर वाळतच नाहीत, चिकटच राहतात. म्हणून प्रायमर ब्रशनेच, पातळ. त्यावर ॲक्रिलिकचा काळपट जांभळा. मग पाण्यासारखा पातळ केलेला गडद रंग सोडला. तो आपसूक खाचांत उतरला आणि छातीवरचे पत्रे एकेक करून सुटे दिसू लागले. हा क्षण मला फार आवडतो. शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश फक्त कडांवरून.

गंज दाखवायचा मोह होताच. सगळेच दाखवतात. पण कॉमिकमधल्या म्युटंट माणसांची शिकार करणारी ही यंत्रं कुणीतरी घासूनपुसून लखलखीत ठेवत असणार, बहुधा सरकारी खर्चाने! गंजका सेंटिनल केविलवाणा वाटतो, आणि त्याची कीव यावी अशी माझी मुळीच इच्छा नाही.

डोळे उद्या, सकाळच्या उजेडात. व्हार्निश मात्र मॅटच.