मोरचूद आणि मातीतले जीव

फवारणीचं बोर्डो मिश्रण करताना घाई चालत नाही. एक टक्क्याच्या द्रावणाला १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. दोन्ही प्लॅस्टिकच्या बादल्यांत वेगवेगळे भिजवायचे. लोखंडाचं भांडं नको. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या द्रावणात बारीक धारेने सोडत काठीने ढवळत राहायचं. आकाशी रंग धरला की घासून लख्ख केलेलं विळ्याचं पातं त्यात बुडवायचं. त्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला. पातं स्वच्छ निघेपर्यंत पंप भरायचा नाही.

तेल्या या जिवाणूजन्य रोगाने आटपाडीच्या माळावरच्या डाळिंबाच्या बागा काढायला लावल्यात, त्यामुळे बोर्डो सोडा असं मी कुणाला सांगणार नाही. पण मोरचुदात चौथा हिस्सा तांबं असतं. एकरी ४०० लिटर फवारलं की किलोभर तांबं बागेत पडतं, आणि ते कुजत नाही, उडत नाही. आपल्या चुनखडीच्या जमिनी ते बऱ्यापैकी धरून ठेवतात, एवढंच आपलं नशीब. युरोपात सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा आहे.

हे तांबं साठतं त्याच मातीवरचं, खोडाजवळचं पाचटाचं आच्छादन उचललं की मिलिमीटरभराचे पांढुरके जीव टुणकन उडतात. हे स्प्रिंगटेल. बेल्जियममधल्या प्लोंबिएरच्या जुन्या शिसे-जस्ताच्या खाणीजवळच्या स्प्रिंगटेलवर ॲम्स्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी बरीच वर्षं काम केलं. मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन कॅडमियमसारखा धातू बांधून ठेवतं आणि कात टाकताना आतड्याच्या अस्तराबरोबर तो बाहेर पडतो. खाणीजवळच्या जिवांत या प्रथिनाचा जनुक जास्त जोराने चालतो, आणि हा गुण पिलांत उतरतो.

वाचून आनंद झाला आणि धास्तीही वाटली. एकेक जीव काही धातू पचवायला शिकला नाही. ज्यांना जमलं नाही ते मेले, उरलेल्यांची वीण वाढली. गांडुळाची पिढी सावकाश चालते, त्याला एवढी सवड मिळेलच असं नाही. तेल्याचा जिवाणू मात्र काही तासांत दुप्पट होतो. त्याच्या झँथोमोनस कुळात तांब्याला दाद न देणारे वाण टोमॅटोवर, लिंबूवर्गीय झाडांवर आधीच निघालेत. म्हणजे प्रत्येक जादा फवारणीत निवड होते ती आधी शत्रूचीच.

म्हणून आमच्या बागेत छाटणीची कात्री दर झाडागणिक सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडते, डागाळलेल्या फांद्या आणि फळं बांधाबाहेर नेऊन जाळतो, आणि बोर्डोची पाळी पानं बघून ठरते, कॅलेंडर बघून नाही.