उताराचं सामान

गेल्या हिवाळ्यात माझी भाची गुलमर्गला जाऊन आली. दोन दिवस ती स्कीइंग शिकली आणि आल्यावर आठवडाभर तेच सांगत होती. बूट एवढे कडक की घोटा हलत नाही, सगळं सामान भाड्याने मिळतं, वर न्यायला गोंडोला आहे. "मामू, तुम्ही पण दुकानात स्की ठेवा ना," म्हणाली.

आमचं दुकान जव्हारच्या बाजारात आहे. चपला, बूट, छत्र्या, रेनकोट, मेणकापड, दोरखंड. अब्बांनी ते टाकलं तेव्हा पालघर जिल्हा नव्हता. तो २०१४ साली झाला. आम्ही तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या पार एका टोकाला. इथे बर्फ नाही, पण उतार भरपूर आहेत आणि जून ते सप्टेंबर त्या उतारांवर पाय ठरत नाही. त्यामुळे भाचीच्या थट्टेवर मी जरा विचार केला, थोडं वाचलंही.

वाचून कळलं ते असं, की स्की ही मुळात खेळाची वस्तूच नाही. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातले लोक हजारो वर्षं शिकारीला, लाकडाला, शेजारच्या वस्तीवर जायला पायाखाली फळ्या बांधून जात. सोंद्रे नूरहाइम हा नॉर्वेच्या तेलेमार्क भागातला एक गरीब कूळ. दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा. त्याने टाचेमागून पीळ दिलेल्या फांद्यांचा बंध घातला, म्हणजे वळताना, उडी मारताना फळी पायातून सुटायची नाही. १८६८ साली तो राजधानीत स्पर्धेला गेला आणि शहरातले लोक बघत राहिले. तिथून खेळ वाढत गेला. १९५० च्या सुमारास हॉवर्ड हेड या अमेरिकन इंजिनिअरने अ‍ॅल्युमिनियमची स्की बाजारात आणली, साठच्या दशकात चामड्याचे बूट जाऊन प्लॅस्टिकचे आले, नव्वदीत स्कीचा आकारच बदलला. मध्ये अरुंद आणि टोकांना रुंद, म्हणजे नवख्यालाही वळता यावं. आज एका माणसाचा पूर्ण संच लाखभर रुपयांना सहज जातो. नूरहाइम मात्र १८८४ साली पोटासाठी बायकामुलांना घेऊन अमेरिकेला गेला आणि तिकडेच वारला. हे वाचून मला दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जाणारी आमच्याकडची कुटुंबं आठवली.

आमच्या उताराचं असं सामान म्हणजे इरलं. नव्या वाचकांसाठी सांगतो: बांबूच्या कामट्यांचा विणलेला सांगाडा, त्यात पळसाची पानं थरांनी बसवलेली, आकार उलट्या होडीसारखा. डोक्यावर घेतलं की पाठ कमरेपर्यंत झाकते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. भात किंवा नागली लावताना माणूस दिवसभर वाकलेलाच असतो. त्याला छत्री कशी चालेल? इरल्यात वारा खेळतो, अंगाला घाम धरत नाही. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, सगळ्यांच्या पाड्यांवर पावसाआधी इरली विणली जात. ज्याच्या हाताला बांबूचं काम त्याच्याकडून शेजारी करून घेत. इरलं नसेल तर घोंगडीची खोळ.

इरलं मोडीत काढण्यात आमच्या दुकानाचाही वाटा आहे. अब्बा सुरुवातीला पावसाळ्यात डकबॅकचे रेनकोट आणत, ते मास्तर, तलाठी आणि फॉरेस्टवाल्यांसाठी. पाड्यावरचा माणूस ते हात लावून बघायचा आणि ठेवून द्यायचा. मग मीटरवर विकायचं मेणकापड आलं, आणि ते मात्र धो धो खपलं. इरलं करायला जंगलातून बांबू आणायचा, पानं आणायची, दोन-तीन दिवस मोडायचे. मेणकापड पाच मिनिटांत कापून मिळतं आणि घडी करून कनवटीला बसतं. लोकांनी हिशेब बरोबर केला. जुन्याच्या नावाने गळे काढणाऱ्या लेखांचा मला कंटाळा आहे. पाठीवर इरलं घेऊन ज्याने एकही दिवस आवणी केली नाही त्याला इरलं फार सुंदर दिसतं. अलीकडे एका रिसॉर्टच्या भिंतीवर इरलं टांगलेलं पाहिलं, खाली दिवा सोडलेला. छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

मुंबई-पुण्याचे ट्रेकर जव्हारला पूर्वीही येत, पण थोडे. त्यांच्या पायात हंटर शूज असायचे, ते घोट्यापर्यंतचे कॅनव्हासचे, पोलीस आणि एनसीसीवाले वापरायचे तसले. पाठीवर जाडजूड हॅवरसॅक, त्यात रॉकेलचा स्टोव्ह. ओले झाले की ते हंटर शूज दोन दिवस वाळत नसत. मग काही वर्षं अ‍ॅक्शनचे बूट, त्यांची पकड चांगली म्हणून. नंतर डेकॅथलॉन आलं आणि सगळेच एका कारखान्यातून निघाल्यासारखे दिसू लागले: पटकन वाळणारी पँट, काठ्या, बॅगेला पावसाळी टोपडं. मला यात वाईट काही वाटत नाही. पूर्वी घरात डोंगराची आवड असलेला एखादाच यायचा, आता ऑफिसातल्या मुली ग्रुप करून येतात, आयाही येतात. सामान हलकं आणि स्वस्त झालं म्हणून हे झालं.

लेंडी नदीवरच्या दाभोसा धबधब्यावर रॅपलिंग चालतं. सुमारे तीनशे फुटांचा कडा. पूर्वी गिर्यारोहक दोर अंगाभोवतीच गुंडाळून उतरत, मांडी आणि खांदा सोलून निघायचा. आता कंबरेला हार्नेस, त्यात दोर धरणारा आठच्या आकड्याचा धातूचा तुकडा, डोक्याला हेल्मेट. दोर आत गाभा आणि वर विणलेलं आवरण असा दुहेरी असतो. बोटाएवढा जाड, पण दोन हजार किलोंहून जास्त भार घेतो. आसपासच्या पाड्यांवरचे काही तरुण रविवारी या ग्रुपांबरोबर मदतीला असतात. पाय अनवाणी किंवा आमच्याकडचे रबरी बूट, डोक्याला मात्र हेल्मेट.

अनवाणी पायांवरून आठवलं. इथून जवळच, हरसूलच्या बाजूला सावरपाडा आहे, कविता राऊतचं गाव. धावायला बूट लागत नाहीत, अनवाणी धावता येतं, म्हणून तिने तो खेळ धरला. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिने ब्राँझ मिळवलं. त्यानंतर आमच्या दुकानात शाळेतल्या मुली स्पोर्ट्स शूज मागू लागल्या. आधी मुलींसाठी बाप फक्त चपला घ्यायचे, तेही उरुसाच्या दिवसांत, पीर शाह सदरुद्दीन बाबांच्या दर्ग्याला आले की जाताना. आता मुलगी स्वतः नंबर सांगते. या भागातला पावलांचा सगळ्यात मोठा बदल मी हाच मानतो.

एक वस्तू मात्र तेवढी बदलली नाही. ती म्हणजे डोली. बांबूला चादर किंवा गोधडी बांधायची, आजारी माणूस त्यात घालायचा, पुढे एक मागे एक असे खांदेकरी, बाकीचे बरोबर चालत खांदे बदलत. रस्ता नसलेल्या पाड्यावरून ॲम्ब्युलन्सपर्यंत पोहोचायचा तोच मार्ग. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव चालू असतानाच, मोखाड्यातल्या बोटोशीच्या मर्कटवाडीत एका बाईला सातव्या महिन्यात घरीच जुळं झालं. दोन्ही बाळं गेली. रक्तस्राव थांबेना म्हणून घरच्यांनी तिला डोलीत घालून निसरड्या उतारावरून सुमारे तीन किलोमीटर नेलं. बातमी देशभर गेली. आमच्यात जनाज्याला खांदा देणं सवाबाचं काम मानतात, तिथेही खांदे असेच बदलत जातात. पण डोलीतला माणूस जिवंत असतो, आणि पाय घसरू नये म्हणून खांदेकरी जे पुटपुटत असतात तीही दुआच.

दाभोशाच्या कड्यावर उतरणाऱ्याला दोर, हार्नेस, हेल्मेट आणि वर एक राखीव दोर असतो. घसरायची त्याला मुभा आहे, किंबहुना तीच मजा. मर्कटवाडीच्या उतारावर घसरायची मुभा नव्हती आणि सामान होतं एक बांबू. रस्ता झाला की प्रश्न संपतो, हे मला माहीत आहे. तो होईपर्यंत प्रत्येक पाड्यावर घडीचं स्ट्रेचर आणि चार पट्टे ठेवायला किती खर्च येतो? मी घाऊक बाजारातून माल आणणारा माणूस आहे. फार येत नाही.

आमच्याकडे नायलॉनचा दोर किलोवर मिळतो, विहिरीला आणि गुरांना लागतो. दोन वर्षांपूर्वी रविवारी रॅपलिंगला जाणारा एक ओळखीचा पोरगा जूनमध्ये आला. दर वर्षी तो पाड्यासाठी दोर नेतो, म्हणून मी गुंडाळी काढली. "नको शेट, यंदा दोर आहे," तो म्हणाला. ग्रुपवाले जुना झालेला दोर बाद करतात, कड्यावर तो पुन्हा वापरत नाहीत. त्यातला वीस-पंचवीस फुटांचा तुकडा त्याने मागून घेतला होता, निळा-पिवळा, आवरण एका ठिकाणी उसवलेलं. त्यांच्या पाड्यावरची डोली आता त्या दोराने बांधलेली असते. गाठही तो रविवारी शिकला तीच, आठच्या आकड्याची. माझ्याकडून त्याने फक्त दोन मीटर मेणकापड नेलं, डोलीवर टाकायला. बांबू मात्र दर वर्षी नवा घेतात, जुन्याला आतून भुंगा लागतो.